दुधाची दाढ पडणारच असेल, तर तिच्यावर उपचार का करावेत?

अंबाजोगाई तालुक्यातील एका वडिलांनी आपल्या सात वर्षांच्या मुलीविषयी विचारले आहे. तिची खालची उजवीकडची दाढ किडली असून रात्री ठणकते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘८५ – रूट कॅनल व कॅप, ४६ – फिलिंग’ असे लिहून दिले आहे. मुलीच्या आजीचे म्हणणे असे की, दुधाचेच दात आहेत, आज ना उद्या पडतील, त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे. आणि वडिलांना स्वतःला वाटते की दोन्ही दाढा एकदाच काढून टाकाव्यात, म्हणजे दुखणेच मिटेल. शिवाय समोर आलेले नवे दात पिवळसर व दातेरी कडेचे आहेत आणि खालचा एक दात जुन्या दाताच्या मागून उगवला आहे, याचीही घरात काळजी आहे. माणसाला दात बत्तीस असताना ‘८५’ हा आकडा कुठून आला, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या दोन आकड्यांत आहेत. हे आकडे सलग मोजायचे नसतात. आम्ही दंतवैद्य ते ‘आठ-पाच’ आणि ‘चार-सहा’ असे वाचतो. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो. पक्क्या दातांसाठी एक ते चार आणि दुधाच्या दातांसाठी पाच ते आठ, अशी ती विभागणी आहे. दुसरा आकडा म्हणजे जबड्याच्या मधल्या रेषेपासून मोजलेला दाताचा क्रम. म्हणून ८५ म्हणजे खालच्या उजव्या बाजूची पाचवी, म्हणजे शेवटची, दुधाची दाढ. आणि ४६ म्हणजे तिला लागूनच मागे असलेली सहावी दाढ, जी दुधाची नाही. ती पक्की दाढ आहे. ती एकदा काढली की तिच्या जागी दुसरी येणार नाही.

तुमच्या प्रश्नातील खरी अडचण इथे आहे, असे मला वाटते. पडणाऱ्या दातावर खर्च करावा की नाही, हा प्रश्न नंतरचा. तोंडातला कोणता दात पडणारा आहे आणि कोणता नाही, हे आधी ठरायला हवे. आमच्याकडे लातूर, धाराशिवकडच्या खेड्यांतून येणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांना सहाव्या वर्षीच्या या दाढेची कल्पना असते. त्यात त्यांचा दोष नाही, कारण ही दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कोणताही दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वाढत्या जबड्यात नवी जागा झाली की सहाव्या वर्षाच्या आसपास ती हिरडीतून वर येते. मुलाचा एकही दात पडलेला नसताना ती आलेली असल्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात, घासताना ब्रश तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि तिच्या माथ्यावरच्या खोल घळींत अन्न अडकून ती वर्ष-दोन वर्षांत काळी पडते. मुलांच्या तोंडातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित दाढ हीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दोन्ही संचांचा हिशेब मांडतो. दुधाचे दात वीस असतात. जबड्याच्या प्रत्येक चतुर्थांशात दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यानंतर दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत हा संच पूर्ण होतो. पक्के दात बत्तीस. प्रत्येक चतुर्थांशात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. म्हणजे उपदाढ हा प्रकार लहान मुलाच्या तोंडात नसतोच. दुधाच्या दाढा पडल्यावर त्यांच्या जागी येतात त्या उपदाढा. आणि पक्क्या दाढा मात्र कोणाच्याही जागी न येता सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि शेवटची अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर, अशा एकामागे एक येतात. काहींना अक्कलदाढ येतच नाही.

यावरून आजींच्या म्हणण्याकडे येऊ. ‘पडणारच आहेत’ हे त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण कधी पडणार हे प्रत्येक दाताचे वेगळे असते. समोरचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात, दुधाची पहिली दाढ साधारण नऊ ते अकरा या वयात, आणि शेवटची दाढ, म्हणजे तुमच्या चिठ्ठीतली ८५, दहा ते बारा या वयात. तुमच्या मुलीला सातवे चालू आहे, म्हणजे या दाढेला अजून किमान तीन, कदाचित पाच वर्षे काम करायचे आहे. मुलगी दहा-अकरा वर्षांची असती आणि दाढ हलू लागली असती, तर मीच म्हणालो असतो की काढून टाका आणि पैसे वाचवा. सातव्या वर्षी मी तसे म्हणणार नाही.

दाढ केवळ चावण्यासाठी असती, तर दुसऱ्या बाजूने चावून चालले असते. पण दुधाच्या शेवटच्या दाढेचे दुसरे काम जागा राखण्याचे आहे. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून आपण सीट धरतो, तसे तिने खालच्या उपदाढेसाठी जागा धरलेली असते, आणि रुमाल वेळेआधी उचलला तर शेजारचा सरकून बसतो. इथे शेजारचा म्हणजे तीच ४६. तिचा कल निसर्गतःच पुढे सरकण्याकडे असतो. मध्ये मोकळी जागा मिळाली की ती पुढे येते, झुकते, आणि चार वर्षांनी उपदाढ यायला निघते तेव्हा तिला वाट उरत नाही. मग ती आडवी येते, जिभेकडे वळते किंवा आतच अडकून राहते. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी तारा लावायला येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या तोंडातली गर्दी अशीच तयार झालेली असते. तिथे लागणारा खर्च आणि वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या फेऱ्या पाहिल्या, तर आजच्या कॅपचा खर्च मोठा वाटत नाही.

आता तुमच्या मनात आणखी एक शंका येईल, की कीड एवढी खोल, एवढ्या लवकर गेली कशी. दुधाचा दात म्हणजे पक्क्या दाताची लहान प्रत नव्हे; त्याची बांधणीच वेगळी आहे. दातावरचे पांढरे कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते दुधाच्या दाढेवर साधारण एक मिलिमीटर जाडीचे असते. पक्क्या दाढेवर ते त्याच्या दुपटीच्या आसपास असते. त्याखालचा डेंटिनचा थरही दुधाच्या दाढेत पातळ असतो. याउलट आतली नस, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेली पोकळी, दाताच्या आकाराच्या मानाने मोठी असते आणि तिची टोके वर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेली असतात. म्हणून पक्क्या दाढेत ज्या खोलीच्या खड्ड्याला साधे सिमेंट पुरते, त्याच खोलीचा खड्डा दुधाच्या दाढेत नसेपर्यंत पोहोचलेला असू शकतो. ‘वरून तर एवढेसेच छिद्र दिसते, आणि डॉक्टर रूट कॅनल सांगतात’ अशी तक्रार मी वरचेवर ऐकतो, आणि त्यामागचे कारण बहुधा हेच असते.

त्यात भर म्हणजे दुधाच्या दोन दाढा एकमेकींना बिंदूने नव्हे, रुंद सपाट पृष्ठभागाने चिकटलेल्या असतात. मधल्या फटीत अडकलेले बिस्किट ब्रशने निघत नाही, आणि कीड वरून न दिसता बाजूने आत शिरते. दुखणे मात्र उशिरा सुरू होते. कित्येक मुलांत तर ठणका लागतच नाही आणि एके दिवशी हिरडीवर पांढरी पुळी दिसते. दुधाच्या दाढेत ही पुळी मुळाच्या टोकाशी येण्याऐवजी दोन मुळांच्या मधोमध, हिरडीच्या कडेजवळ येते, कारण नसेच्या तळातून मुळांच्या दुभाजकाकडे जाणाऱ्या सूक्ष्म वाटांमधून संसर्ग खाली उतरतो. आणि त्याच दुभाजकाच्या खाली, हाडात, पक्क्या उपदाढेचा अंकुर तयार होत असतो. संसर्ग दीर्घकाळ राहिला तर त्या अंकुराच्या कवचावर परिणाम होऊन पुढे येणारी उपदाढ डागाळलेली किंवा खडबडीत निघू शकते. म्हणून किडकी दाढ ‘राहू द्या, पडेपर्यंत चालेल’ असे म्हणून तशीच ठेवणे हा पर्याय मला सर्वांत वाईट वाटतो. उपचार करा किंवा काढा, पण पू धरलेली दाढ तोंडात ठेवू नका.

दुधाच्या दाताचे रूट कॅनलही, म्हणजे आतली खराब नस काढून तिथे औषध भरणे, मोठ्यांच्यापेक्षा वेगळे असते. दुधाच्या दाढेची मुळे बारीक आणि बाहेरच्या बाजूस फाकलेली असतात, कारण त्यांच्या बेचक्यात खालचा अंकुर बसलेला असतो. हा अंकुर वर येऊ लागला की ती मुळे हळूहळू झिजून विरघळतात. म्हणूनच पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ दिसत नाही आणि लोकांना वाटते की दुधाच्या दातांना मुळेच नसतात. रूट कॅनलमध्ये भरायचे औषधही त्याच वेगाने विरघळणारे असावे लागते. मोठ्यांच्या दातात भरली जाणारी गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची काडी इथे चालत नाही, कारण ती विरघळत नाही. कीड नसेच्या वरच्याच भागापर्यंत गेली असेल, तर तेवढाच भाग काढून खालची निरोगी नस राखता येते आणि काम एका बैठकीत होते. त्यावर स्टीलची कॅप बसवतात. ती चंदेरी दिसते म्हणून पालक नाक मुरडतात, परंतु इतक्या पोखरलेल्या दाढेवर नुसते सिमेंट फार काळ टिकत नाही, आणि कॅप दाढेबरोबरच वेळ झाली की पडते.

मी मुलीला पाहिलेले नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा निर्णय बरोबर की चूक हे मी सांगू शकत नाही. तो बऱ्याच अंशी एक्स-रेवर अवलंबून आहे. एक्स-रे काढला नसेल तर आधी तो काढून घ्या आणि डॉक्टरांना तो पडद्यावर दाखवायला सांगा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. दुधाच्या दाढेची मुळे शाबूत आहेत की अर्ध्याहून अधिक झिजली आहेत. मुळांच्या मधले हाड पांढरट दिसते की तिथे काळी पोकळी झाली आहे. आणि खाली उपदाढेचा अंकुर आहे की नाही. तिसरी गोष्ट पालकांना चमत्कारिक वाटते, पण काही मुलांत खालची दुसरी उपदाढ जन्मतः तयारच होत नाही. तसे असेल तर ही दुधाची दाढ पुढे अनेक वर्षे टिकवावी लागू शकते, आणि मग तिच्यावरचा उपचार अधिकच गरजेचा ठरतो.

मुळे बरीच झिजलेली असतील, हाडात मोठा संसर्ग असेल किंवा दाढ हिरडीच्या खालपर्यंत फुटली असेल, तर मी ती काढण्याचाच सल्ला देतो. मुलाला हृदयाचा जन्मजात विकार असेल, तरीही नसेत संसर्ग राहण्याची जोखीम घेण्याऐवजी बहुधा दाढ काढणेच बरे मानले जाते. तसे काही असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. परंतु दाढ काढली की काम संपले असे समजू नका. त्या जागी ‘स्पेस मेंटेनर’ बसवावा लागतो. मागच्या पक्क्या दाढेभोवती एक पट्टी आणि तिच्यापासून पुढच्या दाताला टेकणारी तारेची कमान, एवढेच त्याचे स्वरूप असते. तो दर काही महिन्यांनी तपासावा लागतो आणि खालची उपदाढ डोकावू लागली की काढून टाकावा लागतो. अंबाजोगाईहून वारंवार येणे जमणार नसेल, तर हेही निर्णयात धरा. खर्चाची अडचण असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे हीच कामे खासगीपेक्षा बरीच कमी खर्चात होतात.

४६ विषयी मात्र ‘अवलंबून आहे’ असे म्हणायला फारशी जागा नाही. ती काढायची नाही. पक्की दाढ हिरडीतून वर आली तरी तिची मुळे तेव्हा अर्धवटच असतात. ती पूर्ण व्हायला पुढे सुमारे तीन वर्षे लागतात, आणि मुळांची ही वाढ आतली नस जिवंत असेपर्यंतच होते. सातव्या वर्षी नस मेली तर मुळाचे टोक उघडेच राहते, भिंती पातळ राहतात आणि उपचार अवघड होतात. म्हणून डॉक्टरांनी फिलिंगवर भागेल असे सांगितले आहे तोवरच ते करून घ्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. तीच दाढ इतर तीन बाजूंनाही आली असेल. त्या किडलेल्या नसतील तर त्यांच्या घळींवर सीलंटचा पातळ थर लावून घेता येतो. त्याला इंजेक्शन लागत नाही आणि दुखतही नाही.

समोरच्या दातांचे म्हणाल तर त्यात काळजीसारखे बहुधा काही नाही. दुधाचे दात निळसर पांढरे असतात. पक्क्या दातांत पिवळसर डेंटिनचा थर जाड असतो आणि वरचे कवच अधिक पारदर्शक, त्यामुळे तो पिवळेपणा बाहेर दिसतो. शेजारी दुधाचे दात असेपर्यंत हा फरक जास्तच डोळ्यांत भरतो. कडेवरचे तीन उंचवटे प्रत्येक नव्या पटाशीच्या दातावर असतात आणि चावून चावून झिजतात. हे दात पांढरे व्हावेत म्हणून कोळसा, राखुंडी, आणि मिश्री तर मुळीच लावू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आहे, आणि आपल्याकडे अजूनही काही घरांत मुलींच्या हातावर ती लहानपणीच ठेवली जाते. मात्र दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतील आणि घरात बोअरचे पाणी पिण्यात असेल, तर ते पाणी तपासून घ्या. नांदेड जिल्ह्यातील किनवट भागासारखी काही ठिकाणे आपल्या मराठवाड्यात आहेत, जिथे भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. हे डाग दुधाच्या दातांवर कमी आणि पक्क्यांवर जास्त दिसतात, कारण दुधाच्या दातांचे कवच बरेचसे आईच्या पोटातच तयार होते, तर पक्क्या दातांचे कवच जन्मानंतर, मूल तेच पाणी पीत असताना बनते.

जुन्या दाताच्या मागून आलेल्या दातासाठी घाई नको. खालच्या जबड्यात हे पुष्कळ मुलांत होते. दुधाचा दात हलत असेल तर मुलीला तो जिभेने हलवत राहू द्या, आणि तो पडला की जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते. महिना-दोन महिन्यांत तो हललाच नाही, तर तेवढा एक दात काढून घ्यावा. आणखी वर्षभराने वरच्या समोरच्या दातांत फट दिसू लागली, तर त्यासाठीही धावपळ करू नका. वरचे सुळे येईपर्यंत, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत, तशी फट बहुतेक मुलांत असते आणि अनेकदा आपोआप मिटते.

भेटीची वेळ मिळेपर्यंत ठणक्यासाठी मुलीच्या वजनानुसार पॅरासिटामॉल द्या. खड्ड्यात तंबाखूची चिमूट किंवा दुखण्यावरची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतले किडे पाडण्याचा प्रकार तुमच्या भागात कोणी सुचवला, तर तोही टाळा; दातात अळ्या नसतात, कीड म्हणजे गोड व चिकट अन्नावर जगणाऱ्या जंतूंनी केलेल्या आम्लाचा परिणाम असतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उपचाराच्या दिवशी इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन तास मुलीवर लक्ष ठेवा. ओठ बधिर झाल्यामुळे लहान मुले तो गमतीने चावत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून जखम झाली की घरच्यांना वाटते, दाढेचेच काही बिघडले. बधिरपणा जाईपर्यंत तिला भाकरी, चिवडा असे चावायचे काही देऊ नका. पातळ वरणभात किंवा गार दूध चालेल.